हात बसतो म्हणजे नेमकं काय होतं? सराव, प्रतिभा आणि १०,००० तासांचं गणित

पावसाळा सुरू झाला की फोनवर सिद्धगडाच्या रील्स यायला लागतात. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातला, भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीतला हा किल्ला. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथेच इंग्रज सरकारच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मा झाले. रील्समध्ये मात्र गड असतो तो ढग आणि धबधब्यांसाठी.

सह्याद्रीतल्या अशा व्हिडिओंमध्ये एक दृश्य बऱ्याचदा दिसतं. निसरड्या घसाऱ्यावर शहरातले ट्रेकर्स एकेक पाऊल तोलून टाकतायत, पायात ग्रिपवाले बूट आहेत, हातात काठी आहे. तेवढ्यात वाडीतली एखादी बाई डोक्यावर मोळी घेऊन, पायात साधी स्लीपर घालून, मागच्या बाईशी गप्पा मारत बाजूने निघून जाते. खाली कॉमेंट ठरलेली: "यांच्या रक्तातच असतं हे."

रक्तात नसतं. ती वाट तिने लहानपणापासून हजारो वेळा तुडवलेली असते. कुठला दगड हलतो हे तिला आठवावंही लागत नाही, ते पायालाच माहीत असतं. पण खरा गमतीचा प्रश्न पुढे आहे. रोज वीस वर्षं हीच वाट चालणारी बाई दरवर्षी आणखी वेगाने चढायला लागते का? नाही. एका टप्प्यावर तिचा वेग ठरून जातो आणि पुढे तसाच राहतो. मग "सराव करत राहा, जमेल" हे जे आपल्याला सगळीकडे ऐकवलं जातं, ते अर्धंच खरं आहे का?

पहिली भाकरी आणि पाचशेवी भाकरी

पॉल फिट्स आणि मायकल पोस्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. आपण ते भाकरीवर समजून घेऊ.

पहिल्या टप्प्यात सगळं लक्ष डोक्यात असतं. पाणी किती, पीठ किती मळायचं, परातीत थापताना हात कुठून फिरवायचा. भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते आणि तव्यावर टाकताना तुटते. दुसऱ्या टप्प्यात चुका कमी होतात, कारण काय चुकलं ते कळायला लागतं: पाणी जास्त झालं, कड जाड राहिली. तिसऱ्या टप्प्यात हात आपोआप चालतो. भाकरी थापता थापता फोनवर बोलता येतं, मुलाचा अभ्यास घेता येतो.

मराठीत या तिसऱ्या टप्प्याला नेमका शब्द आहे: हात बसणं. मेंदूच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. जे काम आधी जाणीवपूर्वक लक्ष देऊन करावं लागत होतं, ते आता जवळपास लक्षाशिवाय होतं, त्यामुळे लक्ष दुसरीकडे वापरता येतं. डोंगरातल्या त्या बाईच्या गप्पा म्हणूनच चालू असतात.

अडचण अशी की हात बसला की सुधारणाही थांबते. तुमचं टायपिंग, तुमची गाडी चालवणं, तुमचं ऑफिसमधलं ईमेल लिहिणं पाच वर्षांपूर्वीपेक्षा फार चांगलं झालेलं नसेल. रोज करताय, तरी नाही. कारण तुम्ही ते वापरताय, त्याचा सराव करत नाही आहात. हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि बाकी सगळा लेख या फरकाबद्दल आहे.

७ आकड्यांवरून ७९ वर

हा फरक सिद्ध करण्यात सगळ्यात मोठा वाटा के. अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस यांच्यासोबत त्यांनी एक प्रयोग केला. एका सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याला सेकंदाला एक या वेगाने आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने परत सांगायचे. सुरुवातीला त्याला ७ आकडे जमायचे. तुम्हा-आम्हालाही साधारण तेवढेच जमतात.

जमले की पुढच्या वेळी एक आकडा वाढवायचा, चुकले की कमी करायचा. म्हणजे काम कायम त्याच्या कुवतीच्या जरा पुढे. दीड वर्षाहून जास्त काळात, सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ आकडे सांगू लागला. तो धावपटू होता आणि आकड्यांचे गट तो शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा.

मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. तो परत सहाच्या आसपास आला.

हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याची "स्मरणशक्ती" वाढलेली नव्हतीच. वाढली होती ती आकडे बांधून ठेवायची युक्ती. म्हणून "मेंदू तल्लख करणारे" गेम विकणारी ॲप दिसली की हा विद्यार्थी आठवावा. त्या गेममध्ये तुम्ही नक्की हुशार व्हाल, पण त्या गेमपुरते.

१०,००० तास कुठून आले?

१९९३ मध्ये एरिक्सन आणि दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्याने केलेला सराव सरासरी ७,४१० तास, चांगल्या गटाचा ५,३०१ तास, आणि पुढे संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा ३,४२० तास निघाला. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाची सरासरी १०,००० च्या पुढे जात होती.

२००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स' या पुस्तकाने त्यातून "१०,००० तासांचा नियम" लोकप्रिय केला. तोच नियम आज मोटिव्हेशनल रील्समध्ये फिरतो. पण १०,००० ही सरासरी होती, पास होण्याची रेषा नव्हती. त्या सर्वोत्तम गटातल्या निम्म्या जणांनी विसाव्या वर्षी तेवढे तास भरलेच नव्हते, हे नंतर खुद्द एरिक्सन यांनीच सांगितलं. शिवाय त्यांनी मोजलं होतं ते काम विशिष्ट होतं: एक नेमका कमकुवत भाग धरायचा, तो कुवतीच्या टोकावर जाऊन घासायचा, काय चुकलं हे लगेच कळायला हवं आणि मग पुन्हा. त्याला त्यांनी नाव दिलं ते मराठीत 'हेतुपुरस्सर सराव' म्हणता येईल. हा सराव थकवतो, फारसा मजेचा नसतो आणि दिवसाला तीन-चार तासांपलीकडे झेपत नाही. वरच्या दोन्ही गटांतले विद्यार्थी तिसऱ्या गटापेक्षा जास्त झोपत होते, दुपारची डुलकीही घेत होते. "झोपू नका, राबा" म्हणणारे रील्सवाले हा भाग कधी सांगत नाहीत.

आता सिद्धगडापासून फार लांब नसलेल्या एका उदाहरणाकडे येऊ. तिथे ना अकादमी होती, ना शिक्षक, ना तास मोजणारं कोणी.

भिंतीवरची शाळा

वारली चित्रं आज कुर्त्यांवर, मगवर, मेट्रो स्टेशनांवर दिसतात. मूळ जागा लग्नघराची भिंत. डहाणू, तलासरी, जव्हार हा वारल्यांचा मुख्य मुलूख. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तोही शहापूर-मुरबाडसारखा ठाणे जिल्ह्यातच होता.

घराच्या कुडाच्या भिंती शेणामातीने सारवायच्या, वर गेरू. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाआधी सवाष्णी भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्याला हातपाय म्हणून रेषा. बघायला सोपं आहे. करून बघा. पीठ जास्त घट्ट झालं तर काडी अडते, पातळ झालं तर ओघळतं. खोडरबर नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची वळत जाणारी रांग काढताना पहिल्या माणसाचा आकार चुकला तर शेवटच्याला जागा उरत नाही.

हे शिकवायचा वर्ग नव्हता. लहान मुलगी मोठ्या बायकांच्या शेजारी बसायची, बघायची, एखादा कोपरा भरायची. चुकलं तर बाजूची बाई तिथेच सांगणार. म्हणजे एरिक्सन यांच्या यादीतली एक मोठी गोष्ट, लगेच मिळणारी दुरुस्ती, इथे होती. आणखी एक होती: चित्र टिकायचं नाही. भिंत पुन्हा सारवली की गेलं. पुढच्या लग्नात परत कोऱ्या भिंतीपासून सुरुवात.

नव्हता तो वेळ. चित्र काढायचं ते प्रसंगी. शेत, पाणी, सरपण, मुलं यातून रोज काडी हातात धरायला कोणाला सवड होती? शिवाय चौक हा विधी होता, त्यात काय असायला हवं ते परंपरेने ठरलेलं. हात बसायचा आणि बसलेला राहायचा, डोंगरातल्या वाटेसारखा. कमी प्रतीचा नाही, पण तिथेच.

जिव्या सोमा मशे यांनी वेगळं काय केलं?

जन्म १९३४ चा, पुढचं आयुष्य डहाणू तालुक्यातल्या गंजाडमध्ये गेलं. त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं: सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली, त्या धक्क्याने मुलगा बोलायचा थांबला आणि धुळीत चित्रं काढून लोकांना आपलं म्हणणं सांगू लागला. यात दंतकथेचा थोडा रंग चढला असेलही. पण सरावाच्या नजरेने बघितलं तर गोष्ट फार बोलकी आहे. धुळीत काढलेलं चित्र समोरच्याला कळलं नाही तर पाणी मिळणार नाही, जेवण मिळणार नाही. चूक झाली हे त्याच क्षणी कळतं. पुसायचं, पुन्हा काढायचं. आणि हे लग्नसराईपुरतं नाही, रोज.

बायकांचं मानलं जाणारं काम हा पुरुष लग्न नसतानाही करत होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी या भागात आले. त्यांनी कागद आणला. हेच कुलकर्णी त्याआधी, १९६० च्या दशकातल्या बिहारच्या दुष्काळात, मिथिलेच्या बायकांसाठी कागद घेऊन गेले होते.

कागद आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. एक, चित्र टिकायला लागलं, म्हणजे काल काढलेलं आज शेजारी ठेवून बघता आलं. दुसरं, चित्राला पैसे मिळू लागले, म्हणजे रोज चित्र काढणं हे रिकामटेकडेपण राहिलं नाही. मशे यांच्या चित्रांत चौकाबाहेरचं जग आलं: शेतं, मुंग्या, आगगाडी. त्यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र बघितलं नसेल तर जरूर शोधून बघा. बारीक रेषांनी विणलेलं भलंमोठं जाळं जवळजवळ सगळा कागद व्यापतं. लग्नचौकात असं काही काढायची कधी गरजच पडली नसती. स्वतःला मुद्दाम अवघड काम दिलं की काय होतं, त्याचा याहून चांगला पुरावा शोधायला बर्लिनला जायची गरज नाही.

१९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू सेंटरच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलंही चित्रकार झाली, आणि पाड्यापाड्यांतून पुढे शेकडो चित्रकार तयार झाले.

पण मग ज्यांच्याकडून ही कला आली त्या सवाष्णींचं काय? मिथिलेत कागद आला तेव्हा बायकांची नावं पुढे आली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, नंतर सीता देवींना. वारली चित्रकलेत मात्र सुरुवातीला जी नावं झाली ती पुरुषांची. मशे प्रतिभावान होते यात वादच नाही. पण त्यांच्याइतका हात असलेली एखादी बाई त्याच पाड्यावर नसेलच, असं म्हणायला आपल्याकडे काहीही आधार नाही. तिला रोजचा कागद आणि रोजची सवड मिळाली असती तरच ते कळलं असतं. "उपजत प्रतिभा" हा शब्द आपण निकाल लागल्यावर वापरतो, आणि तो फक्त ज्यांना सराव करता आला त्यांनाच लावतो.

दुरुस्त करणारा माणूस

मशे यांना धूळ शिकवत होती. बहुतेकांना माणूस लागतो. त्याचं मराठी घरांत सगळ्यात परिचित उदाहरण म्हणजे शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर सर. स्टंपवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: बाद केलं तर नाणं बॉलरचं, नाबाद राहिला तर सचिनचं. गोड गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, पण तिच्यातली अक्कल बघा. ती वेळ सरावाच्या शेवटची, मुलगा दमलेला, हात आपोआप चालायला लागलेले. नेमक्या त्याच क्षणी प्रत्येक चेंडूला किंमत लावून सर त्याला पुन्हा लक्ष द्यायला लावत होते.

तेंडुलकर यांनी आत्मचरित्रात सांगितलंय की पहिल्या वर्षी उन्हाळी सुट्टीच्या ६० दिवसांत ते ५५ सराव सामने खेळले. नेटमध्ये चूक झाली तर पुढचा चेंडू येतो. सामन्यात चूक झाली तर झाडाखाली बसावं लागतं. ही दुरुस्ती जास्त कडक.

याच मैदानावर सरावाची मर्यादाही दिसते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला होता: अमोल मुझुमदार. सर तेच, शाळा तीच, मैदान तेच. त्यांनी रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतकं केली, पण भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. कौशल्यात काय कमी होतं? त्या काळात भारतीय संघाच्या मधल्या फळीत जागाच नव्हती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच होते.

मग किती टक्के सराव, किती टक्के बाकी?

२०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी तोपर्यंतचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. लोकांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग हेतुपुरस्सर सरावाने समजावता येतो? बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४, नोकरी-व्यवसायात १ टक्क्याहूनही कमी.

एरिक्सन यांना हा हिशेब मान्य नव्हता. कसलाही सराव यात हेतुपुरस्सर म्हणून मोजलाय, असं त्यांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. पण आकड्यांचा अर्थ चुकीचा लावू नका. "यशात सरावाचा वाटा २१ टक्के" असं ते म्हणत नाहीत. सराव न करता कोणी गवई होत नाही. माणसामाणसांतला फरक फक्त तासांनी समजत नाही, एवढंच ते सांगतात. उरलेल्यात शरीराची ठेवण आहे, सुरुवातीचं वय आहे, अनुवंश आहे. आणि नियम जिथे ठरलेले, चूक लगेच दिसते (बुद्धिबळ, तबला) तिथे सराव जास्त फळतो, हेही त्यात दिसतं. ऑफिसात चुकीचा निर्णय घेतला तर तो चुकला हे दोन वर्षांनी कळतं, तोवर तुमची बदली झालेली असते.

या यादीत न मोजलेली एक गोष्ट शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर बसून जास्त नीट दिसते. सरावाला रोज ठरलेली वेळ लागते, जागा लागते आणि दुरुस्त करणारं कोणीतरी लागतं. इथली कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलांना घेऊन जातात. जूनमध्ये शाळेच्या मैदानावर जोरात धावणारी मुलगी जानेवारीत त्या मैदानावर नसते. तिच्यात गुण आहे की नाही, हा प्रश्नच तिथे उभा राहत नाही.

वय निघून गेलं असेल तर?

व्हायोलिन किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये लहानपणी सुरुवात केल्याचा फायदा खरा आहे. पण मेंदू पंचविशीत गोठत नाही. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्याला काही वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा ७९ प्रौढ उमेदवारांच्या मेंदूचं स्कॅनिंग तयारीच्या आधी आणि नंतर केलं. निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ जण पास झाले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाच्या, मागच्या बाजूचं करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. नापास झालेल्यांत तशी वाढ दिसली नाही. आणि पास झालेल्यांनी आठवड्याला तयारीला दिलेले तास नापास झालेल्यांपेक्षा बरेच जास्त होते.